सत्तावीस नंबरची पहिली गाडी

डोरीन सग्डनला कुणी विचारलं, की बाई, तुझं आयुष्य गेलं कसं, तर ती म्हणायची, "सत्तावीस नंबरात." ऐकणारे हसायचे. पण ती थट्टा करत नसे. ब्रॅडफर्ड शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर हॉलिन टॉप नावाची वस्ती आहे, आणि सत्तावीस नंबरची बस तिथून सुटते. डोरीनचा जन्म तिथला. नवरा केला तो त्या बसचा ड्रायव्हर. ऐन तारुण्यात पोट भरलं ते त्याच बसवर. आणि सत्तरी उलटल्यावर तिनं तीच बस वाचवली. पेपरात फोटो आला, लोकांनी पाठीवर थापा मारल्या. त्या वाचवण्यापायी तिच्या पोटच्या पोरीचं काय झालं, ते मात्र फोटोखाली छापलेलं नाही.

बस वरून निघायची, वळणं घेत घेत शहरात उतरायची, शहर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जायची आणि ओढ्याकाठच्या लोकरीच्या गिरण्यांपाशी संपायची. डोरीन एकोणिसाव्या वर्षी तिच्यावर कंडक्टर लागली, तेव्हा ती गाडी विजेच्या तारांवर चालत होती. टपावर दोन लांब दांडे, ते वरच्या तारांना टेकलेले. वळणावर एखादा दांडा तारेवरून सुटला, की गाडी जागच्या जागी गप्प. मग कंडक्टरनं खाली उतरायचं, गाडीच्या पोटाखालून लांबलचक बांबू ओढून काढायचा आणि वाऱ्यापावसात तो दांडा पुन्हा तारेवर चढवायचा. डोरीन जेमतेम पाच फुटांची. गिरणीत निघालेल्या बाया खिडकीतून ओरडायच्या, "ए पोरी, आधी तुलाच बांबूवर चढव, मग दांडा!" ती त्यांना जी उत्तरं द्यायची, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

पहिल्या गाडीवर तिचा विशेष जीव. पहाटेच्या अंधारात ती निघायची तीच गच्च भरून. डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया, सिगारेटचा धूर, कपड्यांत मुरलेला लोकरीच्या तेलाचा वास, आणि आदल्या रात्रीच्या भानगडींवर मोठमोठ्यानं गप्पा. परतीच्या फेरीला रात्रपाळी संपवलेले पाकिस्तानी कामगार चढायचे आणि बसल्याबरोबर झोपायचे. कोण कुठे उतरतो ते डोरीनला पाठ झालं होतं. ती खांद्याला धरून एकेकाला उठवायची. त्यांतल्या एकानं तिला ईदची मिठाई आणून दिली होती, ती तिनं आईला दाखवली आणि आईनं ती हुंगून बाजूला ठेवली. डोरीननं सगळी एकटीनं खाल्ली.

ड्रायव्हर होता नॉर्मन सग्डन. कमी बोलणारा, कान मोठे. त्या गाड्यांत एक घंटा म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. डबल बेल मिळाल्याशिवाय नॉर्मन चाक हलवत नसे, मग मागून मोटारवाले कितीही शंख करोत.

ऑगस्टात टाइडचा आठवडा येई. टाइड म्हणजे गिरण्यांची वार्षिक सुट्टी. सगळ्या गिरण्या एकदम बंद, चिमण्यांना धूर नाही, आणि निम्मं शहर बोचकी बांधून समुद्रावर. बस मात्र सुट्टीवर जात नसे. टाइडच्या आठवड्यात पहिली गाडी रिकामी धावायची, अगदी ठार रिकामी. अशाच एका टाइडमध्ये गाडी खोऱ्यातल्या शेवटच्या थांब्यावर उभी असताना नॉर्मन आपल्या केबिनमधून उतरून मागे आला, तिच्या समोरच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "आज कुणी ऐकायला नाही, म्हणून विचारून घेतो." डोरीननं उत्तर तोंडानं दिलं नाही. उठली आणि दोनदा घंटा वाजवली.

ही गोष्ट ती जन्मभर सांगत आली. वस्तीत लहानमोठ्या सगळ्यांना ती पाठ होती. म्हणून पुढे जे झालं, त्याला नशीब म्हणावं की आणखी काही, मला सांगता येत नाही.

मग व्हायचं ते होत गेलं. तारा उतरवल्या, डिझेलच्या गाड्या आल्या. मग कंडक्टर काढले, ड्रायव्हरच तिकिटं देऊ लागला. डोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढायला लागली. नंबरही बदलला, सत्तावीसचा सहाशे सत्तावीस झाला. त्या सहाशेला कुणी हिंग लावून विचारलं नाही, लोक सत्तावीसच म्हणत राहिले. पुढे सरकारनं बसचा धंदा खुला केला आणि दोन कंपन्या एकाच रस्त्यावर एकमेकींच्या पुढे धावू लागल्या. दोन्ही गाड्या एकदम यायच्या, आणि मग तासभर एकही नाही. नॉर्मन त्या काळात आजारी पडला तो उठलाच नाही. एका कंपनीनं दुसरीला गिळलं. रविवारच्या फेऱ्या गेल्या. गिरण्याही एकेक करत गेल्या, कुणाची गोदामं झाली, कुणाला आग लागली. खोऱ्यात एकच उरली, गालिच्यांचं सूत काढणारी. तिला लोक नुसतं 'खालची गिरणी' म्हणत. टाइडची सुट्टी पाळणारी तेवढी ती एकच राहिली. बाकी शहर तो शब्दसुद्धा विसरलं.

डोरीनची एकुलती मुलगी बेव्हर्ली त्या गिरणीत कामाला होती, पहाटेच्या पाळीला. आणि तिचा नवरा ट्रेव्हर तिथेच यंत्रं दुरुस्त करायचा. गिरणीला लागूनच त्याचं घर. दिसायला देखणा, बोलायला गोड, दारूही बेताचीच. पण बेव्हर्लीच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नाही. दारात सापडली, असं ती सांगे. कुणाच्या हातातल्या दारात, ते डोरीननं विचारलं नाही, आणि ह्याची बोच तिला आहे. शेवटी एका हिवाळ्यात, ट्रेव्हर झोपलेला असताना, बेव्हर्ली एका पिशवीत मावतील तेवढे कपडे घेऊन बाहेर पडली आणि खोऱ्यातून वर जाणाऱ्या पहिल्या गाडीत बसली. दार उघडायला डोरीन रात्रीच्या झग्यातच आली. बेव्हर्ली म्हणाली, "आई, मी आले." डोरीननं चहाचं आधण ठेवलं.

नोकरी बेव्हर्लीनं सोडली नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरी मिळणार कुठे? रोज पहाटे ती हॉलिन टॉपहून पहिली गाडी पकडायची, पाळी करायची आणि दुपारी परत यायची. गिरणीत ट्रेव्हर असायचा, पण तिथे चार माणसं असत, मुकादम असे. तो काही करू शकत नव्हता. पहाटे बेव्हर्ली दारात बूट चढवत असली, की डोरीन अंथरुणातूनच पलंगाच्या लाकडावर दोनदा ठोकायची. डबल बेल. म्हणजे, जा, सगळं ठीक आहे. नॉर्मन असताना ती त्याच्यासाठी ठोकायची. तीन वर्षं हे असं चाललं. बेव्हर्लीच्या अंगावर जरा मांस चढलं, ती केस वाढवू लागली, एकदा तर आंघोळ करताना गाणं म्हणाली.

आणि मग बातमी आली, की कंपनी सत्तावीस नंबर बंद करायचा विचार करते आहे.

डोरीन पेटून उठली. घरोघर फिरली, चर्चच्या हॉलमध्ये सभा घेतली. तिची मैत्रीण विनी, वय चौऱ्याऐंशी, कानानं अधू पण तोंडानं नव्हे, पहिल्या रांगेत बसून दर वाक्याला "लाज वाटायला हवी!" म्हणत होती. कंपनीनं प्लमर नावाचा एक तरुण साहेब पाठवला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "एक आठवडा आम्ही प्रत्येक फेरीला माणसं मोजतो. गाडी भरलेली दिसली, तर मी वरच्यांशी भांडू शकेन. पाहणी कधी करायची, ते तुम्हीच सांगा, उन्हाळ्यात कधीही."

विनी ओरडली, "नातवंडांना सुट्टी असेल तेव्हा ठेव! आम्हा म्हाताऱ्यांच्या फुकट पासाचे ह्यांना फार पैसे सुटत नाहीत. पोरांची तिकिटं फाडावी लागतील, मग बघू कसे नाही म्हणतात!"

"मग टाइडचाच आठवडा घ्या की," डोरीन म्हणाली. हा शब्द तोंडात आला, की तिचा चेहराच उजळायचा.

"टाइड?" प्लमरनं विचारलं.

"ऑगस्टातला दुसरा आठवडा हो, साहेब! ह्याच आठवड्यात हिला नॉर्मननं मागणी घातली," विनीनं सगळ्या हॉलला सांगितलं, आणि ज्यांनी ती गोष्ट शंभरदा ऐकली होती, तेही हसले. प्लमरनं तारीख टिपून घेतली.

कुणाच्याही डोक्यात आलं नाही. त्या हॉलमध्ये बसलेली निम्मी माणसं गिरण्यांतून पेन्शनीत निघालेली. पण त्यांना टाइड आठवला तो समुद्र, वाळू आणि शिंपले घेऊन आठवला. रिकामी पहिली गाडी फक्त डोरीननं पाहिली होती, आणि तिला त्या गाडीत नॉर्मनच दिसत होता.

तो आठवडा मोठा झोकात गेला. म्हाताऱ्यांचे पास सकाळी साडेनऊनंतर चालतात, तेव्हा साडेनवाच्या आधीपासूनच थांब्यावर ही झुंबड. ड्रायव्हर झुबेर, ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेला, चाळिशीचा, पोट सुटलेला. दार उघडून म्हणायचा, "मावशी, अजून वेळ झाली नाही. तोवर आत येऊन श्वास घ्या, श्वासाला पास लागत नाही." विनी म्हणायची, "तुझ्या आजोबाला हिनं झोपेतून उठवून घरी पोचवलंय, आम्हाला नियम शिकवतोस?" पोरांनी बसमध्ये गाणी म्हटली. म्हाताऱ्या शहरात उतरून पलीकडून लगेच परतीच्या गाडीत चढायच्या, दिवसातून चार चारदा. कुणाला कुठे जायचं नव्हतं, पण बस भरून वाहत होती. पेपरचा वार्ताहर आला. डोरीननं गाडीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि सांगितलं, "आठवडा मीच निवडला. बस कशी भरायची, ते कंडक्टरला विचारावं!" हे जसंच्या तसं छापून आलं.

त्या आठवड्यात बेव्हर्ली घरी होती. उशिरापर्यंत झोपायची. तिची झोपमोड नको म्हणून डोरीन पायांत नुसते मोजे घालून जिना उतरायची. पहाटे पलंगावर ठोकायचं काम नव्हतं. इतकं सगळं समोर होतं.

ऑक्टोबरात निकाल सांगायला प्लमर आला. चर्चचा हॉल तुडुंब. तो म्हणाला, बस राहील. टाळ्यांचा कडकडाट झाला. विनी रडली. डोरीन उभी राहून टाळ्या वाजवत होती. प्लमरनं हात वर करून लोकांना शांत केलं. म्हणाला, थोडी काटछाट करावीच लागेल, दिवसभराच्या फेऱ्या तशाच राहतील, पण पहाटेची पहिली आणि संध्याकाळनंतरच्या बंद. पाहणीत असं दिसलं, की दिवसा गाडी ओसंडून वाहते आणि पहिल्या गाडीला जवळजवळ कुणीच नसतं. पुन्हा टाळ्या झाल्या. अंधारात बाहेर पडणारं तिथे होतं कोण?

डोरीनचे हात तसेच वर राहिले. मग ती खाली बसली. विनीनं विचारलं, "काय गं, चक्कर आली?"

सभा संपल्यावर डोरीननं प्लमरला दारात गाठलं. "साहेब, चूक झाली. त्या आठवड्यात गिरणी बंद होती. टाइड होता. पहिली गाडी गिरणीवाल्यांची आहे. एरवी शहरापासून पुढे उभं राहून जावं लागतं तिच्यात."

प्लमरनं तिच्याकडे बघितलं. "पण आठवडा तर तुम्हीच सांगितलात, मिसेस सग्डन."

"तेच म्हणतेय मी. मी सांगितला. माझी चूक. पुन्हा मोजा."

"आता वेळापत्रक ठरलं. पुढची पाहणी दोन वर्षांनी." तो खरोखर ओशाळला होता. "सगळी बसच जाणार होती हो. तुमच्यामुळे एवढी तरी राहिली."

ती घरी आली, तेव्हा बेव्हर्ली इस्त्री करत होती. "काय झालं?"

"बस राहिली."

"वा! मग तोंड का असं?"

"पहिली काढली."

बेव्हर्लीनं इस्त्री उभी करून ठेवली. "का?"

"रिकामी जाते म्हणाले."

"रिकामी?" बेव्हर्ली म्हणाली. "शहरापासून पुढे पाय ठेवायला जागा नसते तिच्यात." मग ती एकदम थांबली, आईच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिली, आणि पुन्हा इस्त्री उचलली. डोरीनला वाटलं, आत्ता सांगावं. तिनं उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

नंतर जी धावाधाव झाली तिचं काय सांगू. भाड्याची मोटार करावी, तर अर्धी मजुरी तिथेच जायची. पायी जायचं, तर मध्यरात्रीच निघायला हवं, आणि डोंगराच्या रस्त्याला दिवे नाहीत. डोरीननं वस्तीत मोटार असलेल्या एकूण एक माणसाचं दार ठोठावलं. त्या बाजूला इतक्या पहाटे कुणीच जात नव्हतं. गिरणीत पाळी बदलून मिळेना. बेव्हर्ली दोनदा उशिरा पोचली, मुकादमानं ताकीद दिली.

आणि नोव्हेंबरातल्या एका पहाटे दारात हॉर्न वाजला.

डोरीन खिडकीशी गेली. खाली ट्रेव्हरची व्हॅन उभी होती. गिरणी त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि हा माणूस अंधारात सबंध शहर ओलांडून, डोंगर चढून वर आला होता.

"जाऊ नकोस," डोरीन जिन्यातून म्हणाली.

"नुसता सोडतोय, आई. अजून एकदा उशीर झाला, तर काढून टाकतील." बेव्हर्ली बूट चढवत होती, वर न बघता. "तो काही बोलत नाही. रेडिओ लावतो."

ट्रेव्हर फाटकापर्यंत आला होता. टोपी काढून म्हणाला, "नमस्कार, डोरीन. बस वाचवलीत म्हणे. शाबास हं."

त्या दिवसापासून पलंगावर ठोकणं बंद झालं. हॉर्न वाजल्यावर डबल बेल कशी द्यायची?

महिनाभर तो वेळेवर आला. नाताळनंतर उशिरा येऊ लागला. कधी थोडा, कधी बराच. त्याची स्वतःची पाळी तासाभरानं सुरू व्हायची. बेव्हर्ली थंडीत फाटकापाशी उभी राहून वाट बघायची. विचारलं, की तो म्हणायचा, "काय करू, केवढं अंतर आहे! तू खाली राहत असतीस, तर हा प्रश्नच आला नसता." गिरणीतून शेवटची ताकीद मिळाली. डोरीन म्हणाली, "तो मुद्दाम करतोय, बेव्ह. तुला कळतंय ना?" बेव्हर्ली म्हणाली, "कळतंय गं. सगळं कळतंय. कळून पोचता येतं का कामावर?"

मार्चमध्ये ती गेली. तीच पिशवी, तेच कपडे. व्हॅनच्या मागच्या दारातून ट्रेव्हरनं पिशवी आत टाकली आणि तिच्यासाठी पुढचं दार अदबीनं उघडून धरलं. ते दार तो लावेपर्यंत डोरीन तिच्या हाताकडे बघत होती.

आता डोरीन दर शुक्रवारी सत्तावीस नंबरनं खोऱ्यात जाते. घरी ट्रेव्हरला ती खपत नाही. शुक्रवारी पाळी सुटली, की तो क्लबात जातो, तेवढीच सवड. खाली चहाचं दुकानही उरलेलं नाही. म्हणून शेवटच्या थांब्यावर बस उभी असते, तेवढा वेळ बेव्हर्ली आत येऊन बसते आणि मायलेकी बोलतात. झुबेर खाली उतरून पलीकडे जाऊन सिगारेट ओढतो, आणि ती संपली, तरी थोडा वेळ तिथेच उभा राहतो. वेळापत्रक मोडल्याबद्दल त्याला एकदा बोलणी बसली आहेत. त्यानं हे डोरीनला सांगितलेलं नाही, विनीला सांगितलं, आणि विनीला सांगितलं म्हणजे सगळ्यांनाच कळलं.

गेल्या शुक्रवारी डोरीन निघाली, तेव्हा विनी शहरापर्यंत सोबत होती. उतरताना नेहमीसारखी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "डोरीन, तू नसतीस, तर आम्ही घरात सडलो असतो गं!" मागच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. डोरीन खिडकीबाहेर बघत राहिली.

खाली बेव्हर्ली चढली. तिनं टोपी काढली. खांद्यावर आलेले केस गेले होते, मुलग्यासारखे बारीक कापलेले.

"केस कापलेस?"

"हं."

"चांगले दिसतात," डोरीन खोटं बोलली.

"कुणाला हातात धरायला काही नको, म्हणून कापले." हे बेव्हर्लीनं दूध संपलंय म्हणावं तसं सांगितलं.

डोरीननं तिचं मनगट धरलं. "घरी चल. आत्ता, ह्याच गाडीनं. मागे वळून बघू नकोस."

"आणि सोमवारी कामावर कशी जाऊ?"

"सोड काम!"

"आणि खायचं काय? तुझ्या पेन्शनीत दोघी? ह्या वयात मला कोण ठेवून घेतंय, सांग. विचारून झालंय सगळीकडे." बेव्हर्लीनं मनगट सोडवून घेतलं नाही, तसंच राहू दिलं. "पहिली गाडी असती, तर आलेही असते."

इतके महिने गिळलेलं ते डोरीनला आता गिळवेना. "बेव्ह, तो आठवडा... मोजणीचा. तो मी—"

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"टाइडचा होता. तू निवडलास. पेपरात नव्हतं का छापलं?" बेव्हर्ली तिच्याकडे बघत नव्हती, समोरच्या बाकाकडे बघत होती. "तू निकाल सांगितलास ना, तेव्हाच लक्षात आलं माझ्या. ट्रेव्हरला तर आधीच. त्यानं तो फोटो कापून फ्रिजवर लावलाय. आल्यागेल्याला दाखवतो. म्हणतो, 'ही माझी सासू. हिनंच माझी बायको मला परत आणून दिली.'"

बसमध्ये कुणी नव्हतं. डोरीन म्हणाली, "मग बोलली का नाहीस मला?"

"बोलून काय झालं असतं? आणि तू किती खूश होतीस त्या आठवड्यात. बाबा गेल्यापासून तुला तशी पाहिलीच नव्हती मी."

झुबेर रस्ता ओलांडून आला, आपल्या जागेवर बसला, इंजिन चालू केलं. बेव्हर्लीनं टोपी डोक्यावर ओढली, उठली आणि दारापाशी गेली. उतरण्याआधी दाराजवळच्या लोखंडी दांड्यावर तिनं बोटानं दोनदा ठोकलं. मग खाली उतरली आणि गिरणीच्या भिंतीकडेनं चालू लागली.

झुबेरला त्या खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याच्या जन्माआधीच त्या घंटा गेल्या होत्या. दार उघडं ठेवून, आरशात डोरीनकडे बघत तो थांबून राहिला. तिनं आणखी थोडा वेळ मागितला असता, तर त्यानं दिला असता. बेव्हर्ली कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली.

"चल रे," डोरीन म्हणाली. "ने गाडी."